पत्रकाखालचा पत्ता

पत्रकाखाली नाव-पत्ता नसेल तर त्याला पत्रक म्हणत नाहीत, अफवा म्हणतात. पुण्यात संघटनेच्या दीड खोलीच्या कार्यालयात मला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं गेलं. कुलगुरूंना झोडा, मंत्र्याला झोडा, पण खाली स्वतःचं नाव टाका. निनावी लिहितो तो भेकड. मी एकोणीस वर्षांची होते, मी ते वाक्य गिळूनच टाकलं. पुढे जर्मनीला गेले तेव्हा वाटेत लोणच्याची बरणी फुटली, पण हे वाक्य अगदी शाबूत पोचलं. या वाक्याने एका माणसाचा जीव धोक्यात घातला. खरं म्हणजे मी घातला. वाक्याच्या आड लपण्यात अर्थ नाही.

तो माणूस इराणचा कवी आणि नाटककार. त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही; का, ते पुढे येईलच.

मी तेव्हा स्टुटगार्टला शिकत होते. आदल्या उन्हाळ्यातले फुटबॉलचे झेंडे अजून काही बाल्कन्यांत लोंबत होते आणि फोनमध्ये नकाशे यायचे होते. बरोबरची मराठी मुलं गाड्यांच्या मागे होती. कुणाला नेकारसुल्मच्या कारखान्यात इंटर्नशिप मिळाली की आमच्या वोनहाइमच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, सामायिक किचनमध्ये शिरा व्हायचा. मी मात्र तिसऱ्याच दिवशी मेन्साच्या दारातलं टेबल शोधून काढलं होतं. मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळ. तिथे काही विद्यार्थी इराणमधल्या राजकीय कैद्यांचे फोटो मांडून सह्या गोळा करायचे. मी सही केली आणि विचारलं, "पत्रक कोण लिहितं?" कुणीच धड लिहीत नव्हतं. मग मी लिहायला लागले, मोडक्या जर्मनमध्ये.

दुसऱ्या गुरुवारी एक गृहस्थ टेबलापाशी आले. साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीचा शर्ट, कोट मात्र जुना. माझं पत्रक त्यांनी लाल पेन्सिलीने रंगवून परत आणलं होतं.

"यात सात उद्गारचिन्हं आहेत," ते म्हणाले. "कुणावर ओरडताय? सरकार बहिरं आहे, मान्य. पण वाचणारा बिचारा काय करणार?"

मला राग आला. "तुम्ही कोण?"

"ज्यांच्यासाठी ओरडताय त्यांच्यापैकी एक. जरा हळू ओरडा, एवढंच सांगायला आलो."

त्यांनी आधी शाहाच्या तुरुंगात दिवस काढले होते आणि मग शाहाला घालवणाऱ्यांच्या. नाटकं बंद पाडली गेली, पुस्तकांचा लगदा झाला, शेवटी डोंगर ओलांडून ते तुर्कस्तानात उतरले आणि तिथून इकडे. आता एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत दिवसभर शर्ट इस्त्री करायचे. मी त्यांना उस्ताद म्हणायला लागले. ते मला खानूम, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे आणि जर्मनमधलं आदराचं 'झी' त्यांनी कधीच सोडलं नाही. माझ्या वयाच्या मुलीला ते अखेरपर्यंत अहो-जाहोच करत होते. एकदा मराठीतले फारसी शब्द मी त्यांना हौसेने मोजून दाखवले: फिर्याद, जबानी, फौजदार, शिपाई, कैद, जामीन. ते खो खो हसले. "म्हणजे आमच्याकडून तुम्ही पोलीस ठाण्याचं सगळं सामान नेलंत. बागेतलं काहीच नेलं नाहीत?" गुलाब, म्हटलं. "चला, तेवढं तरी."

त्यांची भीती मला हळूहळू दिसायला लागली. कॅफेत ते दाराकडे तोंड करून बसायचे. फोटो निघायला लागला की बुटाची नाडी बांधायला वाकायचे. आणि घराचं तर विचारूच नका. जर्मनीत बिल्डिंगमधल्या घरांना नंबर नसतात. खाली दारापाशी घंट्यांची पाटी असते आणि प्रत्येक घंटेसमोर आडनाव. आडनाव हाच पत्ता. उस्तादांच्या घंटेवर एका म्हाताऱ्या जर्मन बाईंचं आडनाव होतं. बाई वृद्धाश्रमात गेल्या, फ्लॅट यांना दिला, पाटी तशीच राहिली. टपाल यायचं ते 'अमुक बाईंच्या घरी' असं लिहून, आणि तो पत्ता वकिलाशिवाय फार तर दोघातिघांना ठाऊक. नगरपालिकेच्या नोंदीतही त्यांनी त्याला कुलूप घालून घेतलं होतं.

मी एकदा म्हणाले, "उस्ताद, मेलेल्यासारखं राहणं आहे हे."

"बाई जिवंत आहेत. सूप पितात, टीव्ही बघतात. त्यांच्या नावावर राहायला काही वाईट नाही." मग हळूच म्हणाले, "मला भीती वाटते ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची. केऱ्हवोख चुकली तर तेहरान परवडलं."

केऱ्हवोख ही तिकडची पद्धत. बिल्डिंगमधला जिना दर आठवड्याला पाळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने पुसायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवतात. पुसून झालं की ती उचलून पुढच्याच्या दाराला. उस्तादांनी एकही पाळी चुकवली नव्हती. जिना स्वच्छ असेल तर कुणी काही विचारत नाही, हे त्यांचं गणित.

त्या वसंतात त्यांच्या नाटकाचं वाचन ठरलं, एका चर्चच्या तळघरातल्या सभागृहात. फारसीत ते स्वतः वाचणार, जर्मनमध्ये आमच्यातला एक मुलगा. नाटकात एकच खोली, एक आई, दोन मुलगे आणि एक दार. दारावर थाप पडते आणि उघडायचं की नाही यावर तिघे दीड तास भांडतात. बाहेर कोण आहे ते नाटक सांगत नाही.

मला हे पटत नव्हतं. "सांगा ना कोण आहे! लोकांना कळायला हवं शत्रू कोण ते."

"खानूम, पत्रक तुम्ही लिहा. नाटक मला लिहू द्या."

भाषांतरातल्या दुरुस्त्या घरी पोचवण्यासाठी त्यांनी मला पत्त्याची चिठ्ठी दिली. "वाचा, पाठ करा, फाडा." मी वाचली, पाठ केली. फाडली नाही. कागद जपायची सवय, डायरीत ठेवली.

आणि पत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. मजकूर मी सात वेळा लिहिला, एकही उद्गारचिन्ह नाही. आमच्या टेबलवाल्या समितीतला जर्मन मुलगा जाता जाता म्हणाला, "खाली जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता टाक, प्रेसचा कायदा आहे." तिथे एरवी विद्यार्थी परिषदेचा पत्ता जायचा, हे मला पक्कं माहीत होतं. पण परिषदेचा काय संबंध? ज्याचं म्हणणं त्याचं नाव. या माणसाला दोन राजवटींनी गप्प केलं आणि आता इथेही त्याचं नाव परिषदेच्या शिक्क्याखाली झाकायचं? माझं रक्त उसळलं. मी डायरीतली चिठ्ठी काढली आणि उतरवली, अक्षर न् अक्षर: त्यांचं पूर्ण नाव, 'अमुक बाईंच्या घरी', रस्ता, घर क्रमांक. अभिमानाने. पिवळ्या कागदावर चारशे प्रती.

तिसऱ्या दिवशी एक प्रत घेऊन लाँड्रीत गेले. शाबासकी हवी होती. त्यांनी इस्त्री उभी केली, चष्मा लावला, वाचायला लागले. मध्येच हसले, "एकही नाही. प्रगती आहे." मग नजर खाली गेली. चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"किती?"

"चारशे."

"वाटलीत किती?"

"जवळजवळ सगळी."

त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला. पुढ्यातल्या शर्टाची एक बाही झाली होती, एक राहिली होती. ते स्टुलावर बसले आणि हात मांडीखाली घातले.

मी काय बोलावं? मी वाद घातला. आजही लाज वाटते. म्हणाले, "उस्ताद, हा जर्मनी आहे. इथे कायदा आहे."

"माझा एक मित्र हेच म्हणायचा," ते म्हणाले. "इथेच राहायचा, जर्मनीत. दार त्याने स्वतः उघडलं होतं. आवाज ओळखीचा होता म्हणून."

कपड्यांच्या वाफेने खोलीतल्या काचा धुरकटल्या होत्या. मला एकदम बाहेरचं काही दिसत नाही याची जाणीव झाली.

"त्या रस्त्याचं नाव आणि माझं नाव," ते म्हणाले, "सहा वर्षांत कुणाच्याही हाती पडेल अशा एकाही कागदावर एकत्र आलेलं नाही. वाचनालयाचं कार्डसुद्धा नाही काढलं, खानूम. मी, कवी, आणि वाचनालयाचं कार्ड नाही."

मी पळत सुटले. हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीतली नाशिकची मुलगी, ऑटोमोटिव्हवाली, राजकारणाचा तिला तिटकारा. तिला परीक्षेच्या अभ्यासातून उठवलं आणि काय झालं ते सांगितलं. तिने आधी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"तुला अक्कल आहे?"

"नंतर शिव्या दे. आधी चल."

दुपारपासून अंधार पडेपर्यंत आम्ही पत्रकं परत गोळा केली. मेन्सा, लायब्ररी, इराणी वाण्याचं दुकान, पुस्तकांची दोन दुकानं, एसबानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनातले खांब. स्टुटगार्टचे ते चढ आणि पायऱ्या. मला धाप लागली की ती पुढे जायची. एका स्टॉपवर एक आजी माझं पत्रक हातात घेऊन चष्म्यातून वाचत बसल्या होत्या. मी ते त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. "चुकीचं छापलंय," म्हणाले. आजी म्हणाल्या, "मला तर छान वाटलं."

"वाटताना कधी एवढी पळाली नव्हतीस," नाशिकवाली म्हणाली. ती मेन्सामागच्या निळ्या पिंपात कमरेपर्यंत वाकली होती. या देशात कागदाचा कचरा वेगळा टाकतात. पहिल्यांदाच त्या शिस्तीपुढे हात जोडावेसे वाटले.

किचनच्या फरशीवर बसून आम्ही मोजलं. पुन्हा मोजलं. तीनशे एकोणनव्वद.

"अकरा," ती म्हणाली. "अगं, अकरा म्हणजे काहीच नाही. लोक वाचतात आणि टाकून देतात."

मला ते अकरा पिवळे कागद डोळ्यांपुढून हलेनात. कुणाच्या तरी खिशात, कुणाच्या तरी टेबलावर. एकच पुरेसा होता.

वाचन रद्द करा, मी उस्तादांना म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. "वाचन रद्द केलं तर त्यांना दारापर्यंत यायचीही गरज नाही, काम झालंच त्यांचं." मग मी पत्रक पुन्हा छापलं, आणि या वेळी खाली माझं नाव आणि माझा पत्ता टाकला. प्रायश्चित्त म्हणा किंवा तीच जुनी खोड म्हणा.

नाशिकवालीने ते फ्रीजवर चिकटवलेलं बघितलं. "आपला पत्ता? किचन कॉमन आहे, माझे आई! तिकडे गॅसवर माझी डाळ आणि दारात तुझे मारेकरी."

मी हसले. त्यानंतर महिनाभर मात्र मला झोप नीट लागली नाही. मजल्यावरचा फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. चुकीचा नंबर असेल. आधीही येत असतील तसे फोन, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. तेच तर. एकदा लक्ष द्यायला लागलं की सगळंच ऐकू येतं: जिन्यातली पावलं, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबल्याचा आवाज, दोनदा दिसलेला तोच निळा कोट. मोर्च्यात पोलिसांच्या काठीला मी घाबरले नव्हते. काठी समोर दिसते. हे वेगळं होतं. मी टेबल ओढून दाराकडे तोंड करून बसायला लागले आणि आपण काय करतोय हे दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं.

वाचन झालं. तळघरात चाळीसेक माणसं. उस्ताद भिंतीला पाठ लावून बसले, दार समोर. फारसीत वाचायला लागल्यावर त्यांचा आवाज असा काही उघडला की मला माझ्या उद्गारचिन्हांची कीव आली. शब्द कळत नव्हते आणि मानेवर काटा येत होता. हसायच्या जागी आठ-दहा इराणी हसत होते. शेवटच्या रांगेत करड्या रेनकोटातले एक गृहस्थ मात्र हसत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. उस्ताद जे वाचत होते, ते त्यांना पाठ होतं.

उस्तादांनीही ते पाहिलं. मला कळलं, कारण एका वाक्याच्या मध्येच त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. दिवे लागले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

पुढच्या मंगळवारी दुपारी आमची घंटा वाजली. नाशिकवाली कॉलेजात होती. मी दार अर्धं उघडलं. करडा रेनकोट. हातात पत्र्याचा गोल डबा, सुतळीने बांधलेला.

"माफ करा," ते म्हणाले. जर्मन माझ्याहून वाईट, आवाज हळू. "मला उस्तादांना भेटायचं आहे. मी त्यांचा वाचक."

"ते इथे राहत नाहीत."

"माहीत आहे." त्यांनी खिशातून चार घड्यांचा पिवळा कागद काढला. अकरातला एक. "या पत्त्यावर गेलो होतो. तीनदा. कुणी उघडत नाही."

दाराची कडी माझ्या हातात होती, ती ओली लागत होती.

"तो पत्ता चुकीचा छापला गेला," मी म्हणाले. "ते स्टुटगार्टमध्ये राहतच नाहीत. दुसऱ्या शहरातून आले होते. कुठल्या, मला सांगितलं नाही."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवला नाही, पण वादही घातला नाही. डबा पुढे केला.

"मग कधी भेटले तर हे द्या. आणि सांगा..." ते थांबले, फारसीत तीन ओळी म्हणाले, मग त्यांचं जर्मन करून दाखवलं. अर्थ साधारण असा:

दार वाजतं तेव्हा आधी आई श्वास धरते,
मग सगळं घर.
बाहेर उभा असलेला तू, तुझाही श्वास अडकलाय का?

"नाव सांगा ना तुमचं," मी म्हणाले.

ते हसल्यासारखे झाले. "तुमच्या पत्रकावर नावं फार असतात," म्हणाले आणि जिन्याने उतरून गेले. लिफ्ट होती, तरी जिन्याने.

मी तासभर थांबले. मग निघाले. एसबानने तीन स्टेशनं उलट्या दिशेला गेले, तिथून बस, मग पायऱ्या चढून डोंगरावरून मागच्या रस्त्याने. वाटेत दोनदा दुकानाच्या काचेत मागचं बघितलं. हे सगळं मी कुठे शिकले? कुणी शिकवलं नव्हतं. भीती आपोआप शिकवते.

उस्तादांची घंटा दोनदा थोडी आणि एकदा लांब वाजवायची असं ठरलेलं होतं. त्यांच्या दाराला केऱ्हवोखची पाटी लटकत होती. त्यांची पाळी सुरू होती. त्यांनी दार उघडलं, डबा बघितला आणि किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

मी सगळं सांगितलं. डबा उघडला. आत सोहन. केशर, तूप, वरून पिस्ते. आपल्या चिक्कीची श्रीमंत मावशी म्हणा. वासाने खोली भरली. उस्तादांनी डोळे मिटले.

"टाकून देऊ," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"कुठे? डबा पिवळ्या पिशवीत. मिठाई तपकिरी पिंपात. पण विष असेल तर ते घातक कचऱ्यात जातं, त्याची गाडी महिन्यातून एकदा येते. शेजारीण बघेल."

"उस्ताद, चेष्टा करू नका."

"मग काय करू?" आवाज चिरकला त्यांचा. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो? ओळी पुन्हा सांगा."

मी जर्मनमध्ये सांगितल्या. तिसरी ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ही ओळ पुस्तकात नाही. छापताना मी काढून टाकली. बाहेर कोण उभं असतं ते तोवर मला कळलं होतं. त्याच्या श्वासाची काळजी करायची माझी इच्छा उरली नव्हती." ते डब्याकडे बघत होते. "ही ओळ फक्त पहिल्या खर्ड्यात होती. खर्ड्याच्या दोन प्रती. एक तालमीत, पाच पोरं होती माझी, नट. दुसरी पोलिसांनी घरातून उचलून नेली. चौकशीत तीच वाचून दाखवायचे मला. माझे सगळ्यात बारकाईने वाचणारे वाचक."

"म्हणजे हा..."

"पाचांपैकी एक. किंवा दुसरा, चौकशीतला. वय आता सारखंच असेल."

"चेहरा पाहिलात ना तुम्ही, वाचनाला!"

"पोरं विशीची होती, आता चाळिशी ओलांडली असेल त्यांनी. आणि दुसऱ्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, डोळ्यांवर पट्टी असायची." ते पुढे झुकले. "आवाज कसा होता?"

"हळू. खालच्या पट्टीत. प्रत्येक शब्द सुटा."

"त्याचाही तसाच होता."

"आणि तुमच्या नटांचा?"

"मी त्यांना तसंच बोलायला शिकवलं होतं," उस्ताद म्हणाले.

खालून कुणीतरी जिना चढत होतं. आम्ही दोघं गप्प झालो. पावलं पहिल्या मजल्यावर थांबली, किल्ली वाजली, दार लागलं. शेजारीण. उस्तादांनी श्वास सोडला आणि सोहनचा एक तुकडा तोडला.

"नको!" मी त्यांचं मनगट धरलं. "वेड लागलंय का?"

"एकवीस वर्षं झाली त्या तालमीला," ते म्हणाले. "खानूम, तो माझा नट असेल तर हा डबा इथवर आणायला त्याला काय काय करावं लागलं असेल? तीनदा घंटा वाजवली त्याने. मी आतच होतो. तिन्ही वेळा या टेबलाखाली बसलो होतो. आता हेही कचऱ्यात टाकू?"

"आणि दुसरा असेल तर?"

"तर त्याच्या बाजूने एवढं म्हणीन की केशरात कंजुषी केलेली नाही." तुकडा त्यांनी तोंडात टाकला होता. कडाकडा चावला.

मी किंचाळले असेन बहुतेक. मग काय झालं मला कळत नाही. रागाने, त्यांच्यावरच्या नाही, त्या अकरा कागदांवरच्या रागाने, मीही एक तुकडा उचलला. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला, आमच्या घरी आजोबा मारायचे तसा, आणि तुकडा खाली पाडला. "तुम्ही नाही. तुमच्या पत्त्यावर तुमचं नाव आहे." आणि पुढचा तासभर आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. दर पाच मिनिटांनी मी विचारायचे, "काही होतंय?" आणि ते म्हणायचे, "तहान लागलीय. गोड खाल्ल्यावर लागते." एकदा त्यांच्या गालावर पाणी दिसलं. मी घाबरून उठले. त्यांनी हातानेच बसा म्हटलं.

काही झालं नाही. त्यावरून काही सिद्धही झालं नाही, हे आम्हा दोघांना कळत होतं.

"शुक्रवारी जातो," निघताना ते म्हणाले. वकिलाने दुसरीकडे सोय बघून ठेवली होती, त्या तळघरातल्या संध्याकाळपासूनच. "कुठे ते विचारू नका. तुम्ही चिठ्ठ्या फाडत नाही." ते हसून म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "पत्रक चांगलं होतं. खरंच. शेवटची ओळ सोडून."

पुढच्या मंगळवारी मी तिथे गेले. का गेले? दार बंद आहे हे डोळ्यांनी बघायला. घंट्यांच्या पाटीवर म्हाताऱ्या बाईंचं आडनाव तसंच होतं. जिना लख्ख पुसलेला, साबणाचा वास. लाकडी पाटी आता खालच्या शेजारणीच्या दाराला अडकवलेली होती, सरळ, अगदी मध्यावर. शेजारीण बादली घेऊन बाहेर आली.

"वरचे गेले," ती म्हणाली. "न सांगता. पण पाळी करून गेले. व्यवस्थित माणूस."

मी विचारलं, "त्यांना विचारायला कुणी आलं होतं का?"

"शनिवारी एकजण. करडा कोट. कितीतरी वेळ तिथे पायरीवर बसला होता. मी म्हटलं, फरशी ओली आहे, उठा." तिने फडकं पिळलं. "रडत होता. किंवा सर्दी झाली असेल. मला काही कळलं नाही."

त्या संध्याकाळी नाशिकवालीने किचनमध्ये कांदा परतायला घेतला होता. मी खोलीत होते, टेबल दाराकडे. आमची घंटा वाजली.

"अगं, बघ ना कोण आहे!" ती ओरडली. "माझे हात भरलेत."

घंटा पुन्हा वाजली. मी खुर्चीतून उठले नाही. बाहेर जो कोणी होता, तोही काही बोलला नाही.